साठ वर्षांच्या वास्कोकराच्या दाढेत किती मिलिग्रे?

वास्कोत जन्मलेल्या आणि साठी गाठलेल्या माणसाच्या दाढेत आजवर सुमारे ५० मिलिग्रे किरणोत्सर्गाची मात्रा जमा झालेली असावी. कुठल्या प्रयोगशाळेने वास्कोकरांच्या दाढा तपासून हा आकडा काढलेला नाही. तो कागदावर मांडता येतो, आणि आधी तोच मांडू, कारण पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे आहे.

ग्रे म्हणजे एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा. मिलिग्रे त्याचा हजारावा भाग आणि नॅनोग्रे अब्जावा. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २००० सालच्या अहवालात देशोदेशींच्या जमिनीतून उघड्यावर मिळणारी गामा किरणांची मात्रा दिली आहे. भारताची सरासरी ताशी ५६ नॅनोग्रे, आणि ठिकठिकाणचा पल्ला २० ते १,१००. जगाची सरासरी ५९. आकाशातून येणारे विश्वकिरण समुद्रसपाटीला ताशी ३१ नॅनोग्रे देतात, आणि वास्कोच्या मुरगाव बंदराची पातळी समुद्रसपाटीचीच. ५६ आणि ३१ मिळून ८७. साठ वर्षांचे तास ५,२५,६००. गुणाकार केला की ४५.७ मिलिग्रे.

पण माणूस साठ वर्षे उघड्यावर राहत नाही. भिंतीही मातीच्या, चिऱ्याच्या, विटांच्याच असतात आणि त्यांतूनही गामा किरण येतात. जागतिक सरासरीत घरातली मात्रा बाहेरच्या १.४ पट धरतात. छप्पर मात्र विश्वकिरण थोडे अडवते, म्हणजे घरात त्यांचा सुमारे ८० टक्के भाग पोचतो. दिवसाचा ८० टक्के वेळ घरात गेला असे धरले तर ताशी आकडा ८७ वरून १०० च्या आसपास जातो आणि साठ वर्षांची बेरीज ५२ मिलिग्रे होते. हा हिशेब देशाच्या सरासरीचा आहे. पेडण्याच्या सखल किनाऱ्यावर तो थोडा वेगळा निघेल, डिचोलीच्या डोंगराळ भागात आणखी वेगळा. पण आकडा ५० च्या घरातला, ५०० च्या नव्हे, एवढे समजायला तो पुरेसा आहे.

वास्कोच्या घराघरांत तारवटी असतात, म्हणून त्यांचेही गणित करून पाहू. समजा एखाद्याने ३० वर्षे बोटीवर काढली आणि दर वर्षी ९ महिने समुद्रात. म्हणजे २२.५ वर्षे त्याच्या पायाखाली जमीन नव्हती, पाणी होते. पाण्यातून जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे त्या काळात त्याला विश्वकिरणांचाच वाटा मिळाला. जमिनीचे आणि भिंतींचे सुमारे १४ मिलिग्रे त्याला मिळालेच नाहीत. गावात राहिलेल्या भावाच्या दाढेत ५२ असतील तर ह्याच्यात ३८-४०. फरक खरा आहे, पण तो दाढेतून मोजता येईल का, हा वेगळा प्रश्न.

दाढेत हे साठते तरी कसे? दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचे स्फटिक, आणि त्यांत थोडे कार्बोनेट अडकलेले असते. गामा किरण आत शिरला की कार्बोनेटपासून एक एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणूचा तुकडा तयार होतो. एरवी असे तुकडे क्षणात दुसऱ्या कशाशी तरी जुळून नाहीसे होतात. इनॅमलच्या स्फटिकात मात्र ते जागच्या जागी अडकून पडतात. सामान्य तापमानाला त्यांचे आयुष्य एक कोटी वर्षांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. शिवाय इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. हाड सतत मोडते आणि नव्याने बांधले जाते, इनॅमल एकदा तयार झाले की तसेच राहते. शरीरात बाहेरच्या किरणांची आयुष्यभराची बेरीज धरून ठेवणारा दुसरा असा भाग नाही.

रक्त ही नोंद ठेवते, पण थोडा काळ. किरणांनी तुटून चुकीच्या जागी जुळलेली गुणसूत्रे पांढऱ्या पेशींत मोजता येतात. अपघातानंतरच्या आठवड्यांत ही तपासणी उत्तम चालते. पण त्या पेशी मरतात, नव्या येतात, आणि काही वर्षांत खूण निम्म्याने विरते. छातीवर लावायचा, किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बिल्ला अचूक असतो, मात्र तो लावणाऱ्यापुरता. भंगारवाला, रस्त्याने जाणारा, शेजारच्या दुकानातला पोऱ्या बिल्ला लावून फिरत नसतो.

अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी करणाऱ्या पद्धतीला ईपीआर म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स. १९४४ साली कझानमध्ये झावोइस्की यांनी ती शोधली. दात मोजण्यासाठी तिचा उपयोग होईल असे १९६८ मध्ये ब्रॅडी, आरेस्टाड आणि स्वार्ट्झ यांनी मांडले. नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा, त्यावर सुमारे ९.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि क्षेत्र हळूहळू बदलत न्यायचे. क्षेत्र ३४० मिलिटेस्लाच्या आसपास आले की एकटे इलेक्ट्रॉन लहरींतली ऊर्जा शोषतात. जितके जास्त शोषण, तितके जास्त इलेक्ट्रॉन, तितकी जास्त मात्रा.

अडचण अशी की किरणांचा स्पर्शही न झालेल्या दातातून सुद्धा संकेत येतो. तो इनॅमलमध्ये उरलेल्या सेंद्रिय अंशाचा. दोन्ही संकेतांमधले अंतर ३४० मिलिटेस्लांत अर्ध्या मिलिटेस्लाहूनही कमी असते आणि दोन्ही एकमेकांवर चढलेले असतात. मात्रा मोठी असेल तर किरणांचा संकेत उठून दिसतो. ५० मिलिग्रेला तो सेंद्रिय संकेताच्या उतारावरचा बारीक उंचवटा असतो, आणि तो गणिताने वेगळा करावा लागतो. चांगल्या प्रयोगशाळांची तळाची मर्यादा ३० ते ५० मिलिग्रे आहे. सगळ्यांना तेवढेही जमत नाही, काही १०० च्या खाली भरवशाने जात नाहीत.

म्हणजे साठ वर्षांच्या वास्कोकराच्या दाढेतले ५० मिलिग्रे यंत्राला जेमतेम दिसतात. तारवटी आणि त्याचा भाऊ यांच्यातला १४ चा फरक एकेका दाढेवरून कळणारच नाही.

नमुना तयार करणे हे सगळ्यात चिकाटीचे काम. दाढ उपटलेलीच हवी, आणि ती वैद्यकीय कारणासाठी उपटलेली असली पाहिजे. मोजणीसाठी कुणाचा दात काढत नाहीत. मूळ कापून टाकायचे. आतले दंतिन काढून टाकायचे, कारण त्यात सुमारे २० टक्के सेंद्रिय पदार्थ असतात आणि त्यांचा संकेत सगळे बिघडवतो. त्यासाठी दाढ अल्कलीच्या द्रावणात बुडवून अल्ट्रासोनिक पात्रात ठेवतात. ड्रिल जोरात चालवला तर उष्णतेने आणि घर्षणाने नवेच संकेत उमटतात, म्हणून पाणी सोडत सावकाश कापायचे. शेवटी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण उरतात, आणि मोजणीसाठी त्यांतले १०० मिलिग्रॅम लागतात.

मग कणांना मुद्दाम माहीत असलेली मात्रा द्यायची. समजा आधीचा संकेत १.८ एकक आला. कोबाल्ट-६० च्या स्रोताखाली १०० मिलिग्रे दिल्यावर तो २.८ झाला आणि एकूण ३०० दिल्यावर ४.८. म्हणजे दर १०० मिलिग्रेला एक एकक. ही सरळ रेषा मागे शून्यापर्यंत नेली की मुळात १८० मिलिग्रे होते असे निघते. माणूस साठीचा वास्कोकर असेल तर त्यातले ५० निसर्गाचे. राहिले १३०. पुढे ‘अधिक-उणे ३०’ लिहायचे आणि ते वाचणाऱ्याने गाळायचे नाही. म्हणजे १०० ते १६० मध्ये कुठेतरी, आणि तेही खात्रीने नाही. शंभरातल्या तीस वेळा खरा आकडा या पल्ल्याच्या बाहेर असू शकतो.

आता ते १३० आले कुठून, हे विचारले पाहिजे, आणि इथेच बहुतेक आकडे घसरतात. पहिला संशयित दंतवैद्याच्याच खुर्चीतला. एक्स-रेची ऊर्जा कमी असते, आणि कॅल्शियम नेमक्या ह्या कमी ऊर्जेचे किरण जास्त शोषते. ३० ते ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात इनॅमलचा प्रतिसाद कोबाल्टच्या गामा किरणांच्या तुलनेत सहा ते आठ पट होतो. म्हणजे दाताजवळ काही मिलिग्रे देणारी एक साधी फिल्म दाढेच्या हिशेबात सहा-आठ पटीने उमटते. अशा पाच-सहा फिल्म झाल्या की ‘अपघात’ तयार! ह्यावर एक साधा उपाय आहे. दाढेचा गालाकडचा अर्धा आणि जिभेकडचा अर्धा वेगवेगळा मोजायचा. एक्स-रे गालाकडून येतो, म्हणून त्या बाजूचा आकडा मोठा निघतो. दूरवरून येणारे गामा किरण दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच लागतात.

दुसरा संशयित सीटी स्कॅन. डोक्याच्या एका सीटीत ५० मिलिग्रेच्या आसपास मात्रा मिळते. जबडा त्या पट्ट्यात आला तर वास्कोतली साठ वर्षे आणि स्कॅनची ती काही मिनिटे यांचा आकडा सारखाच, वर तो कॅल्शियममुळे काही पट फुगलेला. तिसरी गोष्ट कर्करोगावरची किरणोपचार पद्धत. तोंडाच्या कर्करोगासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गोमंतकीयांची कमी नाही. अशा उपचारात ६० ते ७० ग्रे दिले जातात. मिलिग्रे नव्हे, ग्रे. त्या पट्ट्यातली दाढ बाकी कशाबद्दलही काही सांगू शकत नाही.

चौथा संशयित ऊन. सूर्याची अतिनील किरणेही इनॅमलमध्ये तसाच संकेत उमटवतात. रापण ओढणाऱ्याचे पटाशीचे दात आयुष्यभर उन्हात असतात, म्हणून पुढचे दात मोजणीत शक्यतो घेत नाहीत. गालाच्या सावलीतली दाढच घ्यायची.

कोणती दाढ, हाही प्रश्न आहे. पहिल्या दाढेचे कवच मूल तीन वर्षांचे होईपर्यंत तयार होते. अक्कलदाढेचे बाराव्या ते सोळाव्या वर्षी. बालपण पेडण्यात गेले आणि नोकरीसाठी माणूस वास्कोला आला, तर पहिल्या दाढेत पेडणे आणि वास्को दोन्ही आहेत, अक्कलदाढेत जवळपास वास्कोच. एकाच तोंडातल्या दोन दाढांच्या वजाबाकीतून मधल्या दहा वर्षांचा हिशेब मिळतो. गोव्यात ही वजाबाकी आठ-नऊ मिलिग्रेची, म्हणून निरुपयोगी. बालपणी काही भयंकर घडले असेल तिथे मात्र ती फार मोलाची ठरते. दात वेळ सांगत नाही, एवढे लक्षात ठेवायला हवे. विजेच्या मीटरवर एकूण युनिटे दिसतात, कोणत्या महिन्यात किती जळाली ते दिसत नाही; दाढेचेही तसेच.

ह्या पद्धतीवर विश्वास बसला तो हिरोशिमामुळे. तिथल्या किरणोत्सर्ग परिणाम संशोधन संस्थेने बॉम्बमधून वाचलेल्यांचे उपटलेले दात वर्षानुवर्षे जमा केले. १९९८ मध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी ६९ जणांच्या १०० दातांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांच्या रक्तातली गुणसूत्रेही आधी तपासलेली होती. माणूस बॉम्बच्या केंद्रापासून किती अंतरावर होता, कोणत्या भिंतीआड होता, ह्या आठवणींवरून काढलेली मात्रा कधी जुळे, कधी नाही. दात आणि गुणसूत्रे मात्र एकमेकांशी चांगली जुळली. अर्धशतक उलटल्यावर, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षीदारांनी एकच आकडा सांगितला. मला ह्या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच वाटतो.

कझाकस्तानातल्या दोलोन गावाची गोष्ट उलटी. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने सेमिपलातिन्स्कच्या मैदानावर पहिला अणुबॉम्ब उडवला आणि धुळीचा ढग दोलोनवरून गेला. जुन्या अधिकृत हिशेबांनी तिथल्या लोकांना कित्येक ग्रे इतकी मात्रा ठरवली होती. गावकऱ्यांच्या दाढांतून निघालेला आकडा त्याहून बराच लहान होता. हिरोशिमात दाताने भीती पक्की केली, इथे कमी केली. दोन्ही करण्याची तयारी असेल तरच मोजमाप विश्वासाचे.

रशियातल्या तेचा नदीकाठी दात स्वतःच अडचणीत आला. १९४९ ते १९५६ या काळात मायाक अणुकारखान्याने ह्या नदीत ७.६ कोटी घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी सोडले, अंदाजे २७.५ लाख क्युरींचे. त्यात स्ट्रॉन्शियम-९० होते. शरीर स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजते. त्या वर्षांत ज्या मुलांच्या दाढांची कवचे घडत होती, त्यांच्या दाढांतच ते बसले आणि २९ वर्षांच्या अर्धायुष्याने आतूनच मारा करत राहिले. अशी दाढ यंत्रात घातली तर प्रचंड आकडा येतो. पण तो त्या दाढेचा आकडा असतो, त्या माणसाला बाहेरून मिळालेल्या किरणांचा नाही. इथे पहिली दाढ आणि अक्कलदाढ यांची तुलना, जन्मसाल आणि दंतिनातले स्ट्रॉन्शियम हे सगळे लावून उलगडा करावा लागला.

ही गुंतागुंत मराठी वाचकाला पुण्याच्या वाटेने अधिक ओळखीची वाटेल. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी उत्तर कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे उत्खनन केले. दगडी हत्यारे घडवण्याची ती जागा. हत्यारांबरोबर गोवंशातल्या जनावरांचे दात मिळाले, आणि ह्याच पद्धतीने, पुरातत्त्वातल्या तिच्या नावाने सांगायचे तर ईएसआरने, त्यांचे वय काढले गेले: १२.७ लाख वर्षे, अधिक-उणे १.७ लाख. तत्त्व वास्कोच्या गणिताचेच आहे, फक्त उलटे फिरवलेले. तिथे आपण ताशी दर आणि वर्षे माहीत धरून मात्रा काढली. इसामपूरला दातातली मात्रा मोजली, आजूबाजूच्या मातीचा दर मोजला आणि भागाकार करून वर्षे काढली. घोटाळा तिथेही तेचासारखाच. पुरलेला दात भूजलातले युरेनियम शोषतो आणि आतून मात्रा घेऊ लागतो. ते युरेनियम सुरुवातीलाच आले की हळूहळू, ह्याबद्दल काय गृहीत धरले त्यावर वय बदलते. तो १२.७ लाखांचा आकडा युरेनियम सारख्या वेगाने आले असे धरून काढलेला आहे.

आता किनाऱ्याने दक्षिणेकडे. केरळातल्या करुनागप्पळ्ळी तालुक्यात, चवरा आणि नींडकरा भागात, किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे आणि त्यात थोरियम. तिथे घराबाहेरची मात्रा वर्षाला सरासरी ४ मिलिग्रेच्या वर, काही जागी ७० पर्यंत. वास्कोच्या ०.९ च्या हिशेबाशी ताडून पाहा. वर्षाला ४ धरले तरी साठ वर्षांत २४० मिलिग्रे. वास्कोकर आणि चवरा इथला माणूस यांच्या दाढा एकाच चांगल्या यंत्रात घातल्या तर कुणाची कोणती ते सांगता येईल.

तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने ह्या भागातल्या ३० ते ८४ वयाच्या ६९,९५८ लोकांचा सरासरी साडेदहा वर्षे पाठपुरावा केला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,३७९ जणांना कर्करोग झाला, आणि मात्रा वाढते तसा धोका वाढतो असे दिसले नाही. दर ग्रेला अतिरिक्त धोका उणे ०.१३ आला, पण त्याचा पल्ला उणे ०.५८ ते अधिक ०.४६. अर्थात शून्य त्या पल्ल्याच्या आत आहे, आणि थोडी वाढही. ‘किरणोत्सर्ग निरुपद्रवी’ असे सांगायला हा आकडा वापरणारे आणि ‘अभ्यासच खोटा’ म्हणणारे, दोघेही पल्ला वाचत नाहीत. त्या लोकांच्या मात्रा घरोघरी मीटर लावून आणि माणूस किती वेळ कुठे असतो हे विचारून काढल्या होत्या. विचारून मिळालेल्या त्या तासांची पडताळणी करणारा साक्षीदार हवा असेल, तर तो उपटलेल्या दाढेत सापडेल.

गोव्यात हा विषय निघाला की बोलणे दोन वाटांनी जाते. एक वाट डिचोली-सत्तरीच्या खाणींकडे. लोहखनिज म्हणजे युरेनियम नव्हे. खाणीची धूळ हा फुप्फुसांचा, विहिरींचा आणि शेतांचा प्रश्न आहे, आणि तो पुरेसा गंभीर आहे. दाढेत तो शोधायला जाऊ नये.

दुसरी वाट काणकोण ओलांडून कारवारकडे, कैगाला. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन २००० साली सुरू झाल्या, तिसरी २००७ मध्ये आणि चौथी २०११ मध्ये. ७०० मेगावॉटच्या आणखी दोन मंजूर झालेल्या आहेत. भारतात सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. गामा किरणांपुरते मिलिसीव्हर्ट आणि मिलिग्रे एकच समजायला हरकत नाही. समजा ती मर्यादा २००० पासून दर वर्षी शेवटच्या कणापर्यंत वापरली गेली. तरी २५ वर्षांत २५ मिलिग्रे होतात, आणि ते यंत्राच्या तळमर्यादेखाली. प्रत्यक्षातली मात्रा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अहवालांनुसार ह्या मर्यादेच्या फारच खाली असते. म्हणून ‘कैगामुळे काही झाले का ते दातावरून काढा’ ही मागणी ऐकायला बिनतोड वाटली तरी उत्तर ठरलेले आहे: दिसत नाही. आणि ‘दिसत नाही’ हे ‘नाही’ म्हणून मिरवणेही चुकीचे. नोकरीतल्या माणसाची वर्षाची कमाल मर्यादा ३० मिलिसीव्हर्ट आहे. ती एका वर्षात पूर्ण गाठली तरी दाढेत जेमतेम रेष उमटेल. पाच वर्षांची १०० ची मर्यादा गाठली तर चांगल्या यंत्रात नक्की दिसेल.

कैगात खरोखर जे घडले ते तर दाताच्या आवाक्याबाहेरचेच होते. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पोटात ते गेले. ट्रिटियममधून निघणारे बीटा कण इतके दुबळे की पाण्यात त्यांची धाव जास्तीत जास्त ६ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. इनॅमलमध्ये पाणी अगदी थोडे. ट्रिटियम शरीरात पसरते आणि साधारण दहा दिवसांत निम्मे बाहेर पडते. ते पकडले गेले ते लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. दाढेने काहीच नोंदवले नसते. गोमंतकीयाच्या ताटातल्या माशांबद्दलही हेच. मंगलोर विद्यापीठातल्या संशोधकांनी गोव्याच्या आहारातले पोलोनियम-२१० आणि शिसे-२१० मोजले होते. समुद्री माशांत पोलोनियम सगळीकडेच असते. त्याचे अल्फा कण मायक्रोमीटरांच्याच हिशेबात थांबतात, म्हणून शीत-कडीतून आलेली मात्रा दाढेच्या बेरजेत धरलीच जात नाही.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण दिल्लीचे. एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने गामा यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एकाचा मृत्यू झाला, सात जण आजारी पडले. कोबाल्टचे गामा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे, शरीराच्या आरपार जाणारे. अशा अपघातात दाढ खरी साक्ष देते, आणि पन्नास वर्षांनीही देईल. एक अट आहे. तुकडा पँटच्या खिशात ठेवला असेल तर मांडी भाजते आणि जबड्याला त्याचा अंशच मिळतो. दाढेवरून संपूर्ण शरीराचा आकडा काढताना स्रोत कुठे होता हे माहीत असावेच लागते.

आणि दात उपटायला वेळ नसेल तर? ब्राझीलमधल्या गोयानियात सप्टेंबर १९८७ मध्ये सीझियमचा डबा फुटला, तेव्हा सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. दूषित निघाले २४९, मेले चार. अशा रांगेसाठी स्वार्ट्झ यांच्या गटाने तोंडातच दात मोजणारे यंत्र विकसित केले. १.२ गिगाहर्ट्झच्या लहरी ओलाव्यातूनही जातात. माणसाने डोके चुंबकात धरून काही मिनिटे स्थिर बसायचे. त्याची तळमर्यादा मात्र २ ग्रेच्या आसपास आहे. कोणाला ताबडतोब इस्पितळात न्यायचे आणि कोणाला घरी पाठवायचे एवढे ठरवायला ते पुरते. १ ग्रेच्या पुढे किरणोत्सर्गाचा आजार सुरू होतो आणि उपचाराविना ४ ग्रेला साधारण निम्मी माणसे दगावतात. त्या तराजूवर वास्कोचे ५० मिलिग्रे शून्यच.

मग गोव्याने दातांबाबत काही करावे का? मला वाटते, करावे, आणि आत्ताच, काही झालेले नसताना. एका दाढेची चूक अधिक-उणे ३० मिलिग्रे असेल तर १०० दाढांच्या सरासरीची चूक ३ वर येते, कारण चूक संख्येच्या वर्गमुळाने घटते. म्हणजे एकट्या तारवट्याचे १४ मिलिग्रे दिसत नाहीत, पण १०० तारवटी आणि गावात राहिलेले १०० जण यांच्या सरासऱ्यांमध्ये ते दिसतील. पेडणे, डिचोली, वास्को आणि काणकोण इथल्या शंभर-शंभर अक्कलदाढा मिळाल्या तर गोव्याचा मूळ आकडा हाती येईल. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात आणि खासगी दवाखान्यांत ह्या दाढा रोज निघतात आणि जैववैद्यकीय कचऱ्यात जातात. हिरडीत अडकलेली अक्कलदाढ तर उत्तमच, कारण तिने ऊन पाहिलेलेच नसते.

प्रत्येक कुपीवर नाव नको. जन्मसाल, दाढ काढल्याची तारीख, कोणत्या बाजूची कितवी दाढ, बालपणीचा तालुका, बोटीवर काढलेली वर्षे, दातांचे एक्स-रे आणि डोक्याचे सीटी किती, किरणोपचार झाले का, एवढे पुरे. एक्स-रेचा रकाना बहुतेकांना आठवणीनेच भरावा लागेल, आणि सगळ्यात जास्त चूक तिथेच शिरेल. शिवाय वर्गमुळाचा नियम फक्त इकडे-तिकडे विखुरणाऱ्या चुका कमी करतो. यंत्राचे मापनच दहा मिलिग्रेने वर लागले असेल तर ४०० दाढांची सरासरीही दहाने वरच राहील. म्हणून प्रत्येक दाढेचे कण दोन भागांत वाटून दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागतील. १०० मिलिग्रॅमचे दोन वाटे निघतील एवढे कवच किडलेल्या दाढेत क्वचितच उरते. शंभर वापरण्याजोग्या दाढांसाठी त्याहून बऱ्याच जास्त गोळा कराव्या लागतील.